सोडलेले पाणी

राजूरहून भंडारदऱ्याकडे जाताना प्रवरा नदी एका अरुंद घळीत उडी घेते. त्या ठिकाणास रंधा म्हणतात. उडी सुमारे १७० फुटांची आहे. घळीच्या कडेकडेने जाणारी वाट इतकी सुगम, की लहान मुले व गुडघे दुखणारी वडील माणसे यांना एकाच गतीने चालता यावे. गेल्या भाद्रपदात धाकट्या बंधूंच्या कुटुंबासह आम्ही तेथे गेलो. प्रवास लिहून काढावा असे त्यात काही नव्हते. परंतु त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द गेला, आणि तो योग्य होता की नाही, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

माझी पुतणी नऊ वर्षांची. कठड्याशी उभी राहून, तोंडावर तुषार घेत, ती बराच वेळ एक अक्षरही न बोलता पाहत होती. तिच्याविषयी ज्यांना माहिती आहे त्यांना ही गोष्ट सामान्य वाटणार नाही. इतक्यात कणसे भाजीत बसलेला एक वृद्ध गृहस्थ सहज म्हणाला, "काल धरणाचं पाणी सोडलं, म्हणून एवढा जोर. उन्हाळ्यात या, नुसता कातळ." मुलीने मागे वळून मला विचारले, "काका, म्हणजे हा मोठा नळच का?" मी म्हणालो, "होय, एका अर्थी नळच." ती धबधब्याकडे पाठ करून कणीस खाऊ लागली. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "इतक्यात सांगायची काय घाई होती?"

मी मनाशी माझी बाजू मांडू लागलो. प्रश्न विचारला गेला होता व उत्तर खरे होते. वरच्या अंगाला विल्सन धरण आहे; त्याचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. सुमारे २७० फूट उंचीचा तो बांध ११ अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी अडवितो आणि ते खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागांतील शेतांना आवर्तनाआवर्तनाने मिळते. धबधब्याचा जोर त्यामुळे धरणाच्या दारांवर अवलंबून असतो. मुलाला खोटे सांगून त्याचा आनंद राखणे, हा मला नेहमीच एक प्रकारचा अपमान वाटत आला आहे.

कान्टने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात एक मार्मिक उदाहरण दिले आहे. चांदण्या रात्री पाहुण्यांना बुलबुलाचे गाणे ऐकविण्यासाठी एक यजमान झुडपात एका खट्याळ पोराला लपवितो. पोर तोंडात बोरू धरून हुबेहूब तान काढतो. पाहुणे तल्लीन होतात. पण लबाडी कळताच तेच गाणे त्यांना ऐकवेना होते. सूर बदललेला नसतो. पुतणीचे तेच झाले, असे मला प्रथम वाटले, आणि पुस्तकातील दृष्टान्त डोळ्यांदेखत घडल्याचे एक प्रकारचे मास्तरी समाधानही झाले. हे कबूल करण्यास लाज वाटते.

परंतु दृष्टान्त येथे लागू पडत नाही. पोर बुलबुलाची नक्कल करीत होता. धरण कोणाची नक्कल करीत नाही. रतनगडावर पडलेला पाऊसच तेथे अडतो आणि न मावेल तेवढा पुढे जातो. अडविणे आणि बनविणे या भिन्न क्रिया आहेत. ज्या काळ्या पाषाणातून ती घळ कोरली गेली, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आणि धरणाला अजून एकशे दहा वर्षेही झाली नाहीत. माणसाच्या हाती वेळ व माप आले आहे. उतार त्याचा नाही, उडी त्याची नाही. नायगाराचेही तसेच. १९५० साली अमेरिका व कॅनडा यांनी करार करून प्रवाशांच्या हंगामात दिवसा निदान सेकंदाला एक लाख घनफूट पाणी धबधब्यावरून जाऊ द्यावे असे ठरविले. रात्री व हिवाळ्यात त्याच्या निम्मे पुरे. वेळापत्रकाने पडणारे ते पाणी पाहून कोणी पैसे परत मागितल्याचे ऐकिवात नाही!

मग माझे "होय" खोटे होते काय? खोटे नव्हते, अपुरे होते. आणि ते अपुरे आहे हे मला त्या क्षणी सुचलेसुद्धा नाही, खरी खोच येथे आहे. आम्हां इंग्रजी शिकलेल्या लोकांना एक खोड जडली आहे. एखाद्या वस्तूची दोन वर्णने समोर आली, तर त्यांतील जे रस घालविते तेच अधिक खरे, असे आम्ही पुराव्यावाचून मानतो. देवळात गेलो की उत्पन्नाचा हिशेब सांगतो, आईच्या मायेला सहजप्रवृत्ती म्हणतो, आणि धबधब्याला नळ. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरला की आपण सत्य बोललो अशी आमची खात्री पटते. खोटी गोड गोष्ट सांगणाऱ्याला आपण लगेच पकडतो. अर्धी कडू गोष्ट सांगणारा मात्र निर्भीड म्हणून मिरवितो. नऊ वर्षांच्या मुलीला त्या दोहोंतील भेद कसा कळावा?

तरी सौभाग्यवतींचा पक्षही मला सर्वस्वी मान्य नाही. मी गप्प राहिलो असतो, तर त्या वृद्धाचे वाक्य तिच्या मनात तसेच रुतून राहिले असते. आणि त्याने ते रस घालविण्यासाठी म्हटलेही नव्हते. त्याला उन्हाळ्यातला कातळ रोज दिसतो, आम्हांला दिसत नाही. बोलणे प्राप्तच होते. फक्त रतनगडापासून आरंभ करावयास हवा होता.

परतताना राजुरात पेढे घेतले. रात्री मुक्कामी अंथरुणावर पडल्यापडल्या मी तिला नायगाराची हकीकत सांगितली. तिने विचारले, "इथलाही रात्री कमी करतात, कोणी बघत नसलं की?"

"नाही. धरण भरलेलं आहे तोवर रात्रभर तसाच पडतो."

"मग आत्तासुद्धा पडत असेल?"

मी होय म्हणालो, आणि या खेपेस पुढे काही जोडले नाही. ती उशीला कान लावून पडली होती. तेथून रंधा ऐकू येणे शक्य नव्हते.