धण्याचं पोतं

१२ डिसेंबर १९९१ रोजी इंदूरची हुकुमचंद मिल बंद झाली आणि जवळजवळ सहा हजार कामगार एकदम रिकामे झाले. त्यांच्यातलेच एक अण्णा. वय छत्तीस, घर नंदानगरात, नोकरी फोल्डिंग खात्यात. साच्यावरून उतरलेलं कापड डोळ्यांपुढून सरकवायचं आणि तुटलेला धागा, विरळ पट्टा, तेलाचा डाग दिसला की तिथे खडूची खूण करायची, हे काम त्यांनी पंधरा वर्षं केलं. खूण पडली की विणणाऱ्याच्या पगाराला कात्री लागायची, त्यामुळे खात्याबाहेर अण्णांना मित्र फारसे नव्हते. तरी ओळखीच्या माणसाचं कापड आलं म्हणून त्यांचा खडू कधी थांबला नाही.

पहिले काही महिने सगळेच मिलच्या फाटकावर. सभा, अर्ज, मोर्चे, आज उघडेल, उद्या उघडेल. मुंबईच्या गिरणगावानं १८ जानेवारी १९८२च्या संपानंतर जे पाहिलं, तेच दहा वर्षांनी इंदूरच्या मिल-वस्तीत चाललं होतं. अण्णाही रोज जात. घरात पिठाचा डबा तळाला लागला तेव्हा त्यांची बायको माई त्यांना म्हणाली, "आपले पैसे मागायला सकाळी जरूर जा. ते सोडायचे नाहीत. पण दुपारी कुठेतरी कामाला जात जा."

या वाक्याला मी फार मोठं मानतो. फाटकावर बसून राहिलेल्यांना मी दोष देणार नाही. त्यांची मागणी खरी होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत लढवली. पण त्या मागणीचा पैसा, २२४ कोटी रुपये, हातात पडायला २५ डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. मधे बत्तीस वर्षं गेली. कित्येकांच्या वाट्याचा पैसा त्यांच्या विधवांनी, मुलांनी घेतला. हक्कासाठी भांडणं आणि पोटासाठी काम शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकासाठी दुसरं थांबवलं तर घर बुडतं, हे माईला तेव्हाच कळलं होतं.

अण्णा दुपारचे निघाले. आधी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात गेले. कापडाचा माणूस कापडातच काम शोधणार. पण मिलमधली माणसं तिथे आधीच येऊन गेलेली. प्रत्येक गादीवर एकच उत्तर मिळालं. मग कुणीतरी सियागंज सुचवलं.

सियागंज म्हणजे इंदूरचा ठोक किराणा. स्टेशनाजवळच्या त्या गल्ल्यांत निजामाबादची हळद, सेलमचा साबुदाणा, उंझ्याचं जिरं, केरळचा खोबऱ्याचा गोटा असा अर्ध्या देशाचा माल थप्पीवर थप्पी रचून ठेवलेला. माळव्या-निमाडातले किराणावाले इथून माल उचलतात. हातगाड्या, टेम्पो, पाठीवर पोती घेतलेले हम्माल, आणि मिरचीच्या खाटानं सारखी येणारी शिंक. अण्णा दुकानामागून दुकान चढले. सगळीकडे एकच प्रश्न होता.

"क्या आता है?"

"हुकुमचंद में था. फोल्डिंग खाते में."

"यहाँ कपड़ा नहीं बिकता, भैया."

असे दिवस गेले. शेवटी एका मुकादमानं खांद्याकडे बघून त्यांना हम्मालीवर घेतलं. पंधरा वर्षं मानेनं आणि डोळ्यांनी काम केलेला माणूस आता पाठीनं करू लागला. घरी सांगायची लाज वाटत होती, पण माईनं संध्याकाळी काही न विचारता हळदीचा लेप लावला.

पावसाळ्याच्या तोंडाशी कुंभराजहून धण्यांचा ट्रक आला. गुना जिल्ह्यातलं कुंभराज धण्यांसाठी नावाजलेलं. दलालानं परखी पोत्याच्या तोंडाशी खुपसून नमुना काढला होता, रंग सुरेख, वास सुरेख, सौदा झालेला. अण्णा पोती उतरवत होते. आठवं-दहावं पोतं पाठीवर घेतलं तेव्हा कमरेपाशी गार लागलं. पुढचं कोरडं. त्यानंतरचं पुन्हा गार. त्यांनी गार लागलेली पोती थप्पीत न लावता बाजूला भिंतीशी लावली.

मुकादम ओरडला, "तू पोते उठाने आया है कि छाँटने?"

"नीचे से गीला है," अण्णा म्हणाले. "ऊपर अच्छा है, नीचे दूसरा माल है."

शेठ गादीवरून उठून आले. चेहऱ्यावर राग स्पष्ट दिसत होता. भर बाजारात एक हम्माल त्यांच्या सौद्यात खोट काढत होता. एक पोतं उलटं करून तळाची शिवण उसवली. तळाला जुने, काळपट, पाणी मारून वजन वाढवलेले धणे. वर ताजा थर. दुसरं पोतं उसवलं, तेच. ट्रकवाल्यासमोर दलालाला बोलावलं, वांधा झाला, भाव तुटला.

शेठनी अण्णांना विचारलं, "तुझे कैसे पता चला? धनिये का काम किया है?"

"नहीं, शेठजी. खराबी देखने का किया है."

मिल सुटल्यापासून पहिल्यांदाच अण्णांनी आपलं काम नीट सांगितलं होतं. आधी ते खात्याचं नाव सांगायचे. खातं सियागंजात नव्हतं, म्हणून कामही नाही असं समोरच्याला वाटे, आणि खरं सांगायचं तर अण्णांनाही वाटे. त्यांच्या डोळ्यांना सारख्या मालातली वेगळी जागा दिसते, आणि दिसली की ते ती लपवत नाहीत, ही गोष्ट मिलच्या फाटकाआड राहिलेली नव्हती. ती त्यांच्याबरोबरच बाहेर पडली होती.

शेठनी खुशीनं पन्नासाची नोट पुढे केली. अण्णांनी ती घेतली. घरात गरज होती. पण वर आणखी एक मागितलं. दुपारी बाजार मंदावतो तेव्हा तासभर मुनीमजींच्या शेजारी नमुन्यांपाशी बसू द्यावं.

"उसका पैसा नहीं मिलेगा."

"मत दीजिए."

मला या कथेतली मोलाची जागा हीच वाटते. पोतं ओळखलं ते जुन्या जोरावर, पण तेवढ्यावर माणूस फार तर चांगला हम्माल राहिला असता. कापडातली खोट ओळखणाऱ्याला धणे ओळखायला शिकावंच लागतं. मुनीमजी वयस्क, फार बोलत नसत. कागदावर मूठभर दाणे टाकून अण्णांना नुसतं बघायला लावत. धण्यांच्या प्रतींत बादामी कुठला, ईगल कुठला, स्कूटर कुठला. हिरवेपणा शेतातला की गंधकाच्या धुरीचा. जिऱ्यात काडी किती, माती किती. खोबऱ्याचा गोटा हलवला की आतून काय आवाज येतो. सकाळी पोती, दुपारी दाणे. असं दोन वर्षं चाललं. सोबतचे हम्माल हसायचे, मुकादम खाडा लावायची धमकी द्यायचा. फाटकावरच्या सभेला अण्णा तरीही जात.

पुढे शेठनी त्यांना माल तपासायला ठेवलं, मग इतर पेढ्यांवरूनही बोलावणी येऊ लागली. सगळं सरळ झालं असं नाही. एका व्यापाऱ्यानं ओला माल 'चालेल' म्हणून सांगायला लावलं, अण्णांनी नकार दिला आणि ते दार कायमचं बंद झालं. त्या वर्षी दिवाळी कशीबशी झाली. पण बाहेरगावचे किराणावाले हळूहळू विचारू लागले, माल अण्णांनी पाहिलाय का? अण्णा दलाल झाले ते या प्रश्नामुळे.

२०२०च्या टाळेबंदीत त्यांची भाची घरी बसली. प्रवास-कंपनीत फोनवर बसायची; विमानं थांबली, कंपनीनं सगळ्यांना काढलं. कंपन्या उघडल्यावर तिनं पुष्कळ अर्ज केले. काही जमेना तेव्हा मामाकडे आली.

"मामा, मला येतं काय? नुसतं फोनवर बोलता येतं."

"कुणाशी बोलायचीस?"

"चिडलेल्या माणसांशी. तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत की ते शिव्या द्यायचे."

"मग?"

"मग काय, ऐकून घ्यायचं. कुठली तारीख, किती रक्कम, कुणाला काय कबूल केलं ते लिहून ठेवायचं. दोन दिवसांनी आपणहून फोन करायचा. मग शांत होतात."

"शिवीला उलटून काही बोललीस?"

"कधीच नाही."

अण्णा दुसऱ्या दिवशी तिला सियागंजात घेऊन गेले. ठोक बाजार उधारीवर चालतो. माल सेंधव्याला, खरगोनला, बुरहानपूरला, जळगावला जातो आणि पैसे महिना-दोन महिन्यांनी येतात. ते मागताना गिऱ्हाईक दुखावलं तर पुढचा माल ते दुसरीकडून उचलतं; न मागावं तर पेढीच बसते. म्हातारे मुनीम हिंदीतून रागावत, आणि जळगावकडचे मराठी दुकानदार फोन ठेवून देत. अण्णांनी पेढीवर सांगितलं, "मुलगी किराणा जाणत नाही. पण रागावलेल्या माणसाकडून शब्द घेणं आणि तो लक्षात ठेवणं जाणते. किराणा तिला शिकवा."

शेठचा मुलगा एक महिना बघू म्हणाला. भाचीनं पहिल्या आठवड्यात जुन्या वह्यांतून गावागणिक यादी केली, कोण कधी देतो, कोणाचा आठवडी बाजार कधी असतो. बाजाराच्या आदल्या दिवशी ती फोन करत नसे, दुसऱ्या दिवशी करत असे. दुपारी ती खातेवही आणि जीएसटीची बिलं शिकायला मुनीमांपाशी बसू लागली, आणि ते अण्णांनी तिला सांगावं लागलं नाही.

पगार आधीच्या नोकरीपेक्षा दोन हजारांनी कमी ठरला होता. तीन वर्षांत तो तिथवर पोचला आणि पुढे गेला. आज पेढीची सगळी वसुली तिच्याकडे आहे आणि तिच्या हाताखाली दोन मुलं काम शिकत आहेत.