पाहुण्यांचे पाहुणे

आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. इस्रायलमध्ये येऊन इतकी वर्षे झाली, तरी मुंबईहून कोणी आले की ही म्हण थट्टेने निघतेच. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेतही अशीच एक म्हण आहे. "म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे." पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती फावडे द्या. ज्युलियस न्येरेरे यांनी १९६२ साली आपल्या 'उजामा' या पुस्तिकेत याच म्हणीचा दाखला दिला होता. समुद्राच्या दोन्ही काठांवर विचार एकच. फरक इतकाच, की आपली म्हण पाहुण्याची अक्कल काढते आणि त्यांची म्हण त्याला काम देते.

या म्हणीचा अर्थ आम्हाला घरबसल्या कळला नसता. निवृत्त झाल्यावर आम्ही उभयता एक वर्ष टांझानियात सेवेसाठी राहून आलो. उसांबारा डोंगरात, लुशोटो भागातील एका खेड्यात आमचा मुक्काम होता. एकाचे काम दवाखान्यात, दुसऱ्याचे शाळेत गणित शिकवण्याचे. हवा थंड, केळीच्या बागा, आणि बाजारात 'म्चिचा' म्हणून मिळे ती चक्क आपली माठाची भाजी. दुकानाला तेथे 'दुका' म्हणतात, चपातीला चपातीच. परके वाटावे असे फारसे काही नव्हते. ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्टीत अश्दोदहून लेक, जावई व दोन नातवंडे आली, आणि ठाण्याहून मुलांची आत्या आली. दोन माणसांच्या घरात सात माणसे झाली.

आनंद किती झाला हे सांगावयास नको. परंतु दुसऱ्याच संध्याकाळी दारात "होदी?" अशी हाक आली. आत येऊ का, असे विचारण्याची ही तेथील रीत. "करीबू," म्हणजे या, असे आम्ही म्हणताच शेजारीण आत आली. तिच्या काखेत पाय बांधलेली जिवंत कोंबडी होती. लांबून आलेल्या पाहुण्यांसाठी ती तिने आणली होती. या बाईकडे कोंबड्या पाचच, हे आम्हास ठाऊक होते. अंडी विकून ती मुलींच्या वह्या घेत असे. आत्याबाईंना हे कळताच त्यांनी पाकिटातून दहा हजार शिलिंगांची नोट काढून पुढे केली. शेजारणीने हात मागे घेतला. ती रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला. "हे पाहुणे तुमचे नाहीत, आमचे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही तर स्वतःच आमचे पाहुणे."

त्या रात्री घरात बराच वाद झाला. आत्याबाईंचे म्हणणे, गरिबाच्या तोंडचा घास घेणे पाप आहे. तुम्ही येथे देण्यासाठी आलात की घेण्यासाठी? जावयांचे मत, कोंबडी घ्यावी आणि पैसे दुसऱ्या कोणत्या तरी मिषाने द्यावेत. दोघांच्याही बोलण्यात माणुसकी होती, परंतु आमचे समाधान होईना. जो नेहमी देतो आणि कधीच घेत नाही, तो समोरच्याला कायमचा याचक करून ठेवतो. शेजारणीला वर्षभर आमच्याकडून औषधे मिळाली होती, शिकवणी मिळाली होती. स्वतःच्या दारी यजमान होण्याची संधी तिला त्या एका संध्याकाळी मिळाली, आणि तीच आम्ही नोटेने विकत घेऊ पाहत होतो.

अशा वेळी आपणा बेने इस्राएलांना एलियाहू हन्नाबीची आठवण होणे साहजिक आहे. मलिद्याच्या वेळी आपण त्याचे नाव घेतो, पण दुष्काळात तो सारफथ गावी कोणाचा पाहुणा झाला होता हे क्वचितच आठवतो. ती एक विधवा होती. रांजणात मूठभर पीठ, भांड्यात थोडे तेल, तेवढे मुलासह खाऊन मरावयाचे असे तिने ठरवलेले. तिला नबी म्हणाला, आधी मला भाकर करून आण. वाचताना हे कठोर वाटते. पण त्याने तिला दीन समजून टाळले नाही, तिच्या हातची भाकर मागितली. मात्र त्याच वेळी त्याने तिला वचनही दिले, की पाऊस पडेपर्यंत तुझे पीठ व तेल संपणार नाही. आमच्याजवळ असे वचन देण्याची शक्ती कोठे? मग आम्हास इतकेच कळले, की गरिबाचा पाहुणचार नाकारू नये; पण तो घेतला, की त्याच्या रांजणाकडे लक्ष ठेवण्याचे काम आपले झाले.

आम्ही कोंबडी घेतली. शेहिता जाणणारा तेथे कोणी नव्हता, त्यामुळे ती कापण्याचा प्रश्न नव्हता. शेजारीण मुस्लिम असल्याने तिला हे समजावून सांगावे लागले नाही. नातवंडांनी रोज सकाळी अंडे शोधण्याचा उद्योग लावून घेतला.

रांजणाचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळीच समोर आला. आमच्या घरी पाणी खालच्या झऱ्यावरून येई. वीस लिटरचे दोन डबे आम्हा दोघांना पुरत, आणि ते शेजारणीच्या दोन मुली थोड्या पैशांत शाळेपूर्वी आणून देत. सात माणसांना आंघोळी, धुणे, स्वयंपाक धरून सात डबे लागू लागले. तिसऱ्या दिवशी थोरली मुलगी वर्गात उशिरा आली. हजेरी घेणारे आम्हीच होतो.

ज्या मुलीला गणित शिकवण्यासाठी आम्ही समुद्र ओलांडून गेलो, तिचा गणिताचा तास आमच्या आंघोळीने बुडवला होता. कोंबडीवर रात्रभर वाद घालणाऱ्या आम्हाला पाण्याचे डबे दिसले नव्हते. दिलेले दान डोळ्यांना दिसते; पाहुण्यांसाठी कोण गुपचूप राबते ते दिसत नाही.

त्याच दिवशी म्हणीप्रमाणे पाहुण्यांच्या हाती जेंबे आले. सर्वांनी झऱ्यावर जावयाचे ठरले. बारा वर्षांच्या नातवाने अर्धा डबा वाटेतच सांडला आणि कुरकुरही केली. पण संध्याकाळी शेजारीण विचारू लागली, मुलींचे काही चुकले काय? त्यांची कमाई आम्ही न विचारता बंद केली होती! शेवटी पूर्वीचे दोन डबे शाळा सुटल्यावर मुलींनी आणावेत, बाकीचे पाहुण्यांनी, असे त्यांच्याशी बोलून ठरवले. चांगुलपणाही विचारून करावा लागतो, हे आम्ही उतारवयात शिकलो.

वर्ष संपल्यावर निघताना कोंबडी तिच्या पिलांसह शेजारणीकडे ठेवली. तिने ती घेतली, आणि लगेच घेवड्याची एक पिशवी आमच्या हाती दिली. हिशेब काही पुरा झाला नाही. आत्याबाईंना आमचे म्हणणे अजून पटलेले नाही; फोनवर त्या आजही म्हणतात, ती कोंबडी घ्यावयास नको होती.

वाचकहो, हा प्रश्न केवळ आफ्रिकेचा नाही. आपण इस्रायलहून कोकणात आपल्या जुन्या गावी जातो, तेव्हा पूर्वीचे शेजारी आपल्यासाठी शहाळी उतरवतात, उसनवारी करून जेवू घालतात. आपण संकोचाने पाकीट काढतो, किंवा पोटभर जेवून परत येतो. त्यानंतर वर्षभरात त्या घरची किती वेळा विचारपूस करतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.