दुसऱ्याच्या कृतींत बदल करण्याचा अधिकार

दुसऱ्यानें निर्माण केलेली वस्तु आपल्या सोयीसाठीं बदलावी कीं नाहीं, हा प्रश्न जुनाच आहे. घर आपलें असलें म्हणजे त्याची भिंत पाडण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. परंतु तीच भिंत शेजाऱ्याच्या छपराचाहि भार वाहात असेल, तर ‘घर माझें आहे’ एवढें उत्तर पुरेसें होत नाहीं. या प्रश्नाचें फार स्वच्छ स्वरूप संगणकावरील लेखनाच्या एका साधनांत पाहावयास मिळतें.

इमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा व सुधारण्याचा प्रोग्रॅम. त्याचा उगम अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत 1976 मध्यें झाला. रिचर्ड स्टॉलमन यांची ग्नू इमॅक्स ही आवृत्ति 1985 मध्यें बाहेर पडली. तिचा बहुतेक भाग लिस्प भाषेंतील हजारों लहान फंक्शनांचा बनलेला असून, त्यांपैकीं जवळजवळ कोणतेंहि फंक्शन वापरणाऱ्यास प्रोग्रॅम चालू असतांनाच बदलतां येतें. एवढी सत्ता हातीं आल्यावर ती कशी वापरावी, हा प्रश्न केवळ तंत्राचा राहात नाहीं. तो नीतीचा होतो.

एक उदाहरण घेऊं. इमॅक्समध्यें ‘यस-ऑर-नो-पी’ नांवाचें फंक्शन आहे. मागें घेतां न येणारी एखादी गोष्ट करण्यापूर्वीं तें वापरणाऱ्यास प्रश्न करतें, आणि होकाराचा पूर्ण शब्द टंकल्याखेरीज पुढें जात नाहीं. एका अक्षरावर भागणारें दुसरें फंक्शनहि आहे; पण येथें विलंब मुद्दाम ठेविला आहे, कारण बोट विचारापेक्षां चपळ असतें. अनेकांस हा विलंब जाचक वाटला व त्यांनीं पहिल्या नांवाखालीं दुसरें फंक्शन बसविलें. येथवर तक्रारीस फारशी जागा नाहीं. स्वतःच्या घाईची जोखीम ज्याची त्यानें पत्करावी. परंतु समजा, एकानें त्याच नांवाखालीं असें फंक्शन बसविलें, कीं तें कांहींच न विचारतां सदैव ‘होय’ म्हणतें. आणि ही सोय त्यानें इतरांसहि वाटली. त्याचा हेतु एका कंटाळवाण्या प्रश्नापासून सुटका व्हावी, एवढाच. पण त्या नांवावर विसंबून दुसऱ्या कित्येक आज्ञा चालत असतात. त्यांपैकीं एखादी उद्यां ‘हे सर्व कागद नष्ट करूं काय?’ असें विचारील. तिला मालकाच्या नांवानें संमति मिळेल, आणि मालकाच्या कानीं प्रश्न कधीं पडणारच नाहीं.

फंक्शनाचें नांव म्हणजे नुसती खूण नव्हे. तें एक वचन आहे. वचन देणारा एक असतो, त्यावर विसंबणारे अनेक असतात, आणि तें परस्पर फिरविणारा बहुधा त्यांपैकीं कोणासच ओळखत नसतो.

या अडचणींतून काढलेला एक मार्ग ‘ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला या नांवानें प्रसिद्ध आहे. वॉरन टाइटलमन यांनीं 1966 च्या आपल्या प्रबंधांत ही कल्पना मांडली. इमॅक्समधील तिचें हल्लींचें सुटसुटीत रूप 2014 मध्यें 24.4 या आवृत्तीबरोबर आलें. यांत मूळ फंक्शनाच्या मजकुरास हात लावावयाचा नसतो. तें चालण्यापूर्वीं कांहीं करावें, चालल्यानंतर करावें, किंवा त्यास वेढून राहून त्याला केव्हां बोलवावयाचें हें ठरवावें. मूळ शाबूत राहतें; फंक्शनाचें वर्णन मागितल्यास त्याला सल्ला जोडला आहे हें तेथें नमूद असतें; आणि नकोसा झाल्यास सल्ला काढून टाकतां येतो. पाणिनीच्या सूत्रांत जेथें उणें दिसलें, तेथें कात्यायनानें सूत्र खोडलें नाहीं, वार्तिक लिहिलें. उलट ज्ञानेश्वरींत ज्यांनीं आपल्या ओव्या निनांवीपणें मिसळल्या, त्यांच्या भरीपासून तो ग्रंथ शुद्ध करण्याचे श्रम शके 1506 मध्यें एकनाथांस घ्यावे लागले. भर दोहोंकडे पडली. पण एकीकडे ती भर म्हणून ओळखतां येते, दुसरीकडे ती मुळाचें सोंग घेते.

तथापि ‘सल्ला’ या सौम्य नांवानें फसूं नये. मूळ फंक्शनास मुळींच न बोलावणारा सल्लाहि देतां येतो, आणि सदैव ‘होय’ म्हणणारें तें फंक्शन सल्ल्याच्या वेषांतहि तितकेंच घातक ठरेल. म्हणूनच इमॅक्सच्या मार्गदर्शक ग्रंथांत असें बजावलें आहे कीं, दुसरा उपाय असेल तेथें सल्ल्याचा अवलंब करूं नये; दोष शोधणारा मनुष्य मूळ मजकूर वाचतो, आणि सल्ल्याची त्यास कल्पनाच नसते. मूळ लेखकानें ‘हूक’ ठेविला असेल, म्हणजे तुमचें काम येथें अडकवा असें स्वतःच सांगितलें असेल, तर त्याच वाटेनें जावें. दार उघडें असतां खिडकींतून शिरणें हें पाहुण्यास शोभत नाहीं.

दार नसेल तर मागावें. थोडक्या उत्तरावर भागविण्याची मोकळीक 2022 मध्यें निघालेल्या 28.1 या आवृत्तींत एका साध्या निवडीच्या रूपानें मूळ प्रोग्रॅमांतच देण्यांत आली. तींत उत्तर लहान झालें. प्रश्न मात्र कायम राहिला. दुसऱ्याच्या कृतींत बदल करणाऱ्यानें हीच मर्यादा ओळखावी: आपले श्रम वाचविण्याचा अधिकार आपणांस आहे; परंतु दुसऱ्याच्या रक्षणासाठीं विचारला जाणारा प्रश्न त्याला न कळवितां गिळून टाकण्याचा अधिकार कोणासच नाहीं.