खासगीची किल्ली

नवरात्र संपत आले होते तेव्हा इंदूरच्या राजेंद्रनगरहून मावशीचा फोन आला. "अरे, काकांचा लॅपटॉप खुलतच नाहीये. निळा पडदा येतो आणि कसला तरी लांबलचक नंबर मागतो. दुकानवाले म्हणतात, रीसेट मारून देतो, नव्यासारखा होईल."

"मावशी, काहीही करू देऊ नकोस त्यांना. मी येतो," म्हणालो आणि निघालो.

काकांना जाऊन दीड वर्ष झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरातली जुनी पत्रे आणि खातेवह्या एकेक करून स्कॅन केल्या होत्या. मावशीच्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या टेपवरून उतरवून घेतल्या होत्या. टेपांना पुढे बुरशी लागली आणि त्या गेल्या, म्हणजे ओव्या आता त्या लॅपटॉपमध्येच. मदरबोर्ड बिघडला म्हणून तो दुरुस्तीला दिला होता. नवा बोर्ड बसला, यंत्र सुरू झाले, आणि पडद्यावर बिटलॉकरची रिकव्हरी की मागणारी चौकट उभी राहिली. ४८ आकडे. मावशीने विचारले, "पण कुलूप लावलं कुणी? ह्यांनी तर कधी लावलं नाही."

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. कुलूप काकांनी लावलेच नव्हते. ते यंत्राने आपणहून लावले होते.

बिटलॉकर नावाचे हे कुलूप २००७ साली विंडोज व्हिस्ताबरोबर आले, तेव्हा ते कचेऱ्यांसाठी होते आणि मुद्दाम सुरू करावे लागे. पुढे घरगुती लॅपटॉपमध्येही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने तेच तंत्र आले. २०२४च्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज ११च्या आवृत्तीपासून तर ते नव्या मांडणीत बहुतेक यंत्रांवर आपोआप सुरू होते. डिस्कवरचा सगळा मजकूर सांकेतिक होतो आणि तो उलगडणारी किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपच्या पहाऱ्यात राहते. यंत्र सुरू होताना चिप सगळे ओळखीचे आहे ना, हे तपासते. बायॉस बदलले, बोर्ड बदलला, कधी एखादे अपडेट आडवे आले, की ती किल्ली सोडत नाही. काकांची डिस्क ठणठणीत होती. तिला ओळखणारा पहारेकरीच बदलला होता.

या कुलपाला माझा विरोध नाही. पूर्वी चोरलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की पासवर्ड असूनही बँकेची कागदपत्रे, घरचे फोटो, सगळे उघडे पडे. ते आता होत नाही आणि हे मोठे काम आहे. माझी तक्रार न सांगता लावण्याबद्दल आहे.

एक दिलासा यातच दडलेला आहे. घरगुती यंत्रावर हे आपोआप लागणारे कुलूप किल्लीची प्रत कुठेतरी जमा झाल्याशिवाय पक्के बसत नाही. ही प्रत बहुधा त्या यंत्रावर पहिल्यांदा व्यवस्थापक म्हणून शिरलेल्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की हे यंत्र सुरुवातीला कुणाच्या खात्यावर सुरू झाले? अडचणी इथूनच सुरू होतात. खाते कधी दुकानदाराने आपले टाकलेले असते, कधी शिकायला बाहेरगावी गेलेल्या भाच्याचे असते. कॉलेजचे किंवा ऑफिसचे खाते जोडले असेल तर किल्ली त्या संस्थेकडे असते आणि तिथल्या संगणक विभागालाच विचारावे लागते. रोज चार आकड्यांचा पिन टाकणाऱ्या माणसाला मागे खाते आहे, हेच आठवत नाही. विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत निळ्या पडद्यावर त्या खात्याच्या ईमेलची अर्धवट खूण तरी दिसते.

काकांचा पासवर्ड त्यांच्या डायरीत शेवटच्या पानावर सापडला. मावशीला वाटले, संपले काम. पण किल्लीच्या पानावर जाण्याआधी खात्याने ओळख पटवायला मागितली आणि कोड पाठवायला काकांचा मोबाइल नंबर पुढे केला. तो नंबर त्यांच्या माघारी बंद झाला होता. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. लावून पाहिला, तर बडवानीकडच्या एका मुलाने उचलला. "हां, कौन?" मावशीने फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

दुसरा पर्याय म्हणून एका ईमेलची सुरुवातीची दोन अक्षरे दिसत होती. ती पुण्याच्या ताईच्या पत्त्याशी जुळली. काकांनी कधीतरी लेकीचा पत्ता देऊन ठेवला होता. ताईने कोड वाचून दाखवला आणि पान उघडले. तो पत्ता नसता तर खात्याची सुरक्षा-माहितीच बदलावी लागली असती, आणि जुने सगळे पर्याय काढून टाकले की ३० दिवस थांबावे लागते.

पानावर दोन किल्ल्या होत्या. काकांच्या आधीच्या लॅपटॉपचीही जमा होती आणि यंत्रांची नावे सारखीच वाटत होती. इथे नाव पाहून चालत नाही. निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळख-क्रमांक असतो, त्याची पहिली ८ अक्षरे जुळवायची. आमची दुसरी जुळली.

त्या ४८ आकड्यांची रचना मला फार आवडते. सहा-सहाचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ने पूर्ण भाग जातो. उदाहरणार्थ ४१९०७८. एकाआड एक आकडे वजा-अधिक केले, ४ वजा १ अधिक ९ वजा ० अधिक ७ वजा ८, की ११ येतात. घाईत ७चा १ झाला तर हिशेब मोडतो. शेजारचे दोन वेगवेगळे आकडे उलटसुलट झाले तरी मोडतो. ताई वाचत होती, मावशी वहीत उतरवत होती, मी टाकत होतो. पाचव्या गटाला यंत्राने अडवले आणि चूक तिथल्या तिथे सापडली. कागदावरून, फोनवरून, थरथरत्या हाताने लिहिणाऱ्या माणसाचा विचार कुणीतरी केला आहे. ज्यांनी एवढा विचार केला, त्यांनी कुलूप लावताना घरातल्या माणसाला स्वच्छ शब्दांत सांगण्याचा विचार का केला नाही?

कारण ही किल्ली खरोखरच हरवली तर पुढे दार नाही. हरवलेली किल्ली आपण परत देऊ शकत नाही, नवी घडवूही शकत नाही, असे मायक्रोसॉफ्टच सांगते. बँकेच्या लॉकरशी ताडून पाहा. तिथे किल्ली हरवली तर साक्षीदारांसमक्ष लॉकर फोडता येतो. वारस नेमता येतो. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या सुधारित नियमांत या सगळ्याची रीत लिहिलेली आहे. लॅपटॉपचे कुलूप साक्षीदारांसमोरही फुटत नाही आणि मावशीसारख्या वारसाला तिथे स्थानच नाही. गूगलने २०१३ पासून आणि ॲपलने २०२१ पासून खात्याला वारस नेमण्याची सोय दिली. आपल्या २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्येही नामनिर्देशनाचा हक्क आहे. तो ज्या दिवशी मावशीला काकांच्या किल्लीपर्यंत नेईल, त्या दिवशी मी त्याला हक्क म्हणेन.

अडाणीपणाचा शिक्का मारून हा प्रश्न सुटत नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एन्क्रिप्ट केलेल्या यंत्रांत शिरून त्या अपडेटची सदोष फाइल काढायला हीच किल्ली लागत होती, आणि मोठमोठ्या कंपन्यांतले तंत्रज्ञ एकेका यंत्रापुढे ४८ आकडे टाकत बसले होते. काही ठिकाणी किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या, तोच बंद पडला होता.

हे कुलूप खासगीपणाच्या नावाने लावले जाते, पण आमच्या इंदूरला 'खासगी' हा शब्द नुसता विशेषण म्हणून आलेला नाही. १७३४ साली गौतमाबाई होळकरांच्या नावे खासगीची जहागीर झाली. पुढे अहिल्याबाईंचा खासगी खजिना दौलतीपासून वेगळा राहिला. त्याचे दफ्तर वेगळे, कारभारी वेगळा. खासगी म्हणजे मालकाला ज्याचा ठावठिकाणा माहीत आहे, असे धन. मालकिणीलाच पत्ता नाही आणि किल्ली दूरच्या कंपनीच्या खात्यात साध्या रूपात पडली आहे, न्यायालयाचा आदेश आला तर तपासयंत्रणेच्या हाती जाऊ शकते, त्याला खासगी म्हणवत नाही.

म्हणून माझी मागणी दोन ओळींची आहे. पहिल्यांदा यंत्र सुरू करताना कुलूप लागते आहे आणि किल्ली अमुक खात्यात चालली आहे, हे मराठीत, हिंदीत, घरच्या भाषेत सांगा. ती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

ते होईल तेव्हा होईल. तोवर लक्ष्मीपूजनाला वही-चोपडी पूजेला मांडाल, त्याआधी अर्धा तास काढा. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू आहे का, पाहा. असेल तर खात्यातली किल्ली ओळख-क्रमांकासह कागदावर लिहा, प्रत्येक गट ११ने तपासा. खात्यातला मोबाइल नंबर चालू आहे ना आणि दुसरा पत्ता घरातल्या दुसऱ्या माणसाचा आहे ना, तेही बघा. कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. मावशीने तिचा पोथीच्या कापडात बांधून ठेवला आहे, आणि एक प्रत पुण्याला ताईकडे आहे.