त्वचेची साक्ष



अंतिम न्यायाच्या दिवसाचे एक विलक्षण दृश्य पवित्र कुरआनच्या ४१व्या सूरहमध्ये आले आहे. त्या दिवशी अपराध्यांचे कान आणि डोळे त्यांच्याविरुद्ध साक्ष देतील. इतकेच नव्हे, तर त्यांची त्वचाही बोलेल. कान ऐकतात, डोळे पाहतात. त्यांची साक्ष समजण्याजोगी आहे. परंतु त्वचेचे काय? शरीरशास्त्र सांगते की, तिचा सर्वांत वरचा थर झडत राहतो आणि सुमारे महिनाभरात नवा होतो. मग आजची त्वचा कालच्या कर्माची साक्षीदार कशी ठरावी?

उत्तर तिच्या रचनेतच आहे. झडणाऱ्या थराखाली अंतस्त्वचा असते. स्पर्श व वेदना जाणणारे मज्जातंतू, केसांची मुळे, घर्मग्रंथी यांचा तेथे आधार असतो. बोटांच्या टोकांवरील उंचवटे मातेच्या गर्भातच ठरतात आणि प्रत्येक नवा थर त्याच साच्यावर घडतो. वसईच्या मिठागरात किंवा वालीवच्या कारखान्यात राबून अंगठा इतका झिजतो की, रेशन दुकानातील यंत्रही कधी कधी तो ओळखत नाही. हाताला काही दिवस विसावा मिळाला की त्याच रेषा पुन्हा उमटतात. द्रव्य बदलते, ओळख बदलत नाही.

माणूस मात्र याच बदलाचा आसरा घेतो. “ती जुनी गोष्ट झाली, आता मी तसा राहिलो नाही,” असे म्हणून तो मोकळा होऊ पाहतो. अल्लाहच्या हक्कांबाबतच्या चुकांसाठी तौबाचे दार अवश्य खुले आहे. परंतु दुसऱ्याचा दाबलेला हक्क केवळ काळ लोटल्याने फिटत नाही. तो परत करावा लागतो, नाहीतर त्याच्याकडून माफ करवून घ्यावा लागतो.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे मजुरी. मानवी त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. घामाची वाफ होताना शरीर थंडावते. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत वैशाखात घाम लवकर वाळत नाही. पण मालकाला ती सवलत नव्हे. आणि वाळल्यानंतर देणे संपते, असेही नव्हे.

जीभ सबब सांगू शकते. त्वचेला ते जमत नाही: भीतीने तिच्यावर काटा येतो, लाजेने ती लाल होते. ज्या हाताने मजुरी राखून ठेवली, त्याच हाताची ती त्वचा आहे.

म्हणून वाचकहो, आपली हिशेबाची वही उघडा. कोणाची मजुरी थकली असेल तर आजच द्या. तो गावी परतला असेल तर पत्ता शोधा. हयात नसेल तर वारसांना द्या. त्वचा बोलण्याआधी आपणच बोलावे, याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.