देव उठतो, तू कधी उठणार?

फ्रिज जरा पुढं ओढून बघ. मागच्या भिंतीवर रंगाखालून ती गाळाची रेघ अजून दिसते. माझ्या छातीला लागेल एवढ्या उंचीवर. दोनदा रंग दिलास, दोनदा ती वर आली. रविवारी तुझ्या घरी बसलो होतो. बाहेर म्हातारा पाऊस लागला होता. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 36 फुटांवर होतं. माझी नजर सारखी फ्रिजच्या कडेनं डोकावणाऱ्या त्या रेघेकडं जात होती, आणि तू मला मोबाईलवर ढगांचं चित्र दाखवत होतास.

"सर, रेड अलर्ट दिलाय, पण हवामान खात्याचं कधी खरं ठरतं?" हे तुझं पहिलं वाक्य. "आणि आईनं नदीची ओटी भरलीय, अंबाबाई बघून घेईल." हे दुसरं. मधे चहाचा एक घोट. तेवढ्यात तू विज्ञान मोडीत काढलंस आणि देवीला राखणीला बसवलंस. खातं खोटं, म्हणून हलायचं नाही. देवी खरी, म्हणूनही हलायचं नाही. मग हलायचं कधी?

आईसमोर बोललो नाही. आता ऐक.

तू अडाणी असतास तर मी शब्द खर्च केला नसता. पण तू माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून संभाव्यता शिकलास. फळ्यावरचं माझं चुकलेलं गणित तू दाखवून दिलंस. आज इंजिनिअर म्हणून मिरवतोस. मग घर घेताना ती अक्कल कुठं ठेवली होतीस? निळी पूररेषा म्हणजे काय, तुला माहीत आहे. 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती रेषा. तुझं घर तिच्या आत. "सर, 2021 ला येऊन गेला, आता पंचवीस वर्षं बघायला नको," असं तू म्हणालास तेव्हा मला माझ्या शिकवण्याची लाज वाटली. नदी काय डायरी ठेवते? पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी चार टक्के. यंदाही चार, पुढच्या वर्षीही चार. तुझं कर्ज वीस वर्षांचं. वीस वर्षांत एकदाही पाणी येणार नाही, याची शक्यता 0.96 चा विसावा घात. कर की हिशेब. 44 टक्के येतात. उरले 56. आणि हा झाला रेषेवरच्या घराचा हिशेब, तू तर तिच्याही खाली आहेस. 2019 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. दोनच वर्षांनी पुन्हा गेलं. त्या दोन वर्षांमधे तू काय केलंस? रंग दिलास.

खात्याचं खरं ठरत नाही म्हणे. समज, खातं म्हणालं, पावसाची शक्यता साठ टक्के. म्हणजे असं दहा वेळा सांगितलं तर सहा वेळा पडेल, चार वेळा नाही. त्या चार वेळा तू कोरडा राहिलास आणि त्यांना खोटं ठरवलंस. अरे, पडणार नाही हेही त्यांनीच सांगितलं होतं, चार भाग सांगितलं होतं. आपल्याला किती ठाऊक आहे आणि किती ठाऊक नाही, हे आकड्यात सांगणं याला मी विज्ञान म्हणतो. एवढा प्रामाणिकपणा तुला कुठल्या ज्योतिषानं दाखवलाय? तुला तो प्रामाणिकपणाच नको आहे. तुला शिक्का मारलेला कागद हवा. येणार, नाहीतर येणार नाही. तसा कागद मिळेपर्यंत तू सोफ्यावर बसणार.

राधानगरी धरणाचे दरवाजे आठव. सहावीच्या सहलीत तुम्हा पोरांना तिथं नेलं होतं. सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. अजून पाऊस आहे का, नाही, याची वाट बघत नाहीत. पातळी आधी ठरलेली, काम आधी ठरलेलं. आता तुझं सांग. बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 39 ला तू काय उचलणार? 41 ला काय? 43 ला आई कुठं असेल? विचारलं तेव्हा तू हसलास. ते धरण कुणी मनावर घेतलं, हेही तुला पाठ आहे. शाहू महाराजांनी 1896-97 चा दुष्काळ बघितला होता. पुढं पाऊस कधी दगा देईल, हे त्यांना कुणी लिहून दिलं नव्हतं. तरी डोंगरात पाया घातला. पैसा अपुरा पडला, काम थांबलं, 1922 ला महाराज गेले, धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. तुला तर नुसती एक ट्रंक माळ्यावर चढवायची आहे.

आणि देवाचं म्हणशील तर तेही तुला धड कळलेलं नाही. आईला मी एक शब्द बोलणार नाही. ती ओटी भरायला घाटावर जाते तेव्हा काय करते, कधी बघितलंस? मी बघितलंय. हात जोडते आणि डोळे उघडून पायऱ्या मोजते. काल किती पायऱ्या उघड्या होत्या, आज किती राहिल्या. घरी येते आणि रेशन कार्ड, घराचे कागद, तुझी प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छताजवळच्या खिळ्याला टांगते. भीती वाटते म्हणून ती देवीपाशी जाते, आणि धीर आला की कामाला लागते. तू तिच्याच देवीचं नाव घेऊन हातपाय गाळतोस. तिची श्रद्धा उसनी घेऊन स्वतःच्या आळसावर पांघरूण घालतोस. हे पाप आहे. हा शब्द मी सहसा वापरत नाही.

नृसिंहवाडीला दरवर्षी जातोस ना? दक्षिणद्वाराचं स्नान चुकवत नाहीस. कृष्णेचं पाणी देवळात शिरतं, दत्तपादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि त्या दारात माणसं भक्तीनं अंग भिजवतात. ज्या पाण्यानं छाती दडपावी त्याच पाण्याला हात जोडायला त्या गावानं माणसांना शिकवलं. केवढं मोठं काम आहे ते! पण पाणी चढायला लागलं की पुजारी काय करतात? उत्सवमूर्ती उचलतात आणि नारायण स्वामींच्या मंदिरात नेऊन ठेवतात. पूजा तिथं चालते. कुणी म्हणतं का, की देव आहे, तो बघून घेईल, राहू द्या पाण्यात? वाडीचा देव वेळेवर उठतो. तू कोण मोठा लागून गेलास?

किरणोत्सवालाही तू पुढं असतोस. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखा. पुन्हा 31 जानेवारी आणि फेब्रुवारीचे पहिले दोन दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येतात आणि अंबाबाईच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढत जातात. सूर्य त्या दिवशी कुठं असणार हे गणित देऊळ बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ढग? धूळ? हवेतलं बाष्प? कित्येकदा किरणं गुडघ्यापर्यंत येतात आणि विरतात. म्हणून कोल्हापूरकरांनी जायचं सोडलं? वर्षानुवर्षं माणसं श्वास रोखून उभी राहतात. अभ्यास करणारे उपकरणं लावून प्रकाश मोजतात. किरणांच्या वाटेत कुणाचं बांधकाम आलं की गावात ओरड होते, अडथळा काढायला लावतात. ढग आपल्या हातात नाही, वाट मोकळी ठेवणं आहे, हे त्या दिवशी सगळ्या गावाला कळतं. मग पंचगंगेच्या बाबतीत कुठं जातं ते शहाणपण? सूर्याची वाट मोकळी करायला तू निवेदनावर सही केलीस, आणि नदीच्या वाटेत भराव टाकून बांधलेल्या इमारतीत बुकिंगला पहिला उभा राहिलास.

पूर अलमट्टी धरणामुळं येतो, यावर तू पाऊण तास बोललास. अलमट्टीचं काय ते अभियंते बघतील, दोन सरकारं भांडतील. तुझ्या घरातला गॅसचा सिलिंडर अलमट्टीनं अडवून धरलाय का?

आणि चिखली-आंबेवाडीचं नाव पुन्हा घेऊ नकोस. 1989 च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिल्या तरी बरेच जण खालीच राहिले, म्हणून तूही राहणार? त्यांचा ऊस खाली, गोठा खाली. दुभती म्हैस दावणीला ठेवून माणूस कसा निघेल? निघाला तरी धार काढायला परत येतो. त्यांची अडचण खरी आहे. तुझ्या दावणीला काय आहे? सोफासेट! सुतारवाड्यातली हातावर पोट असलेली माणसं बघ. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की चूल, अंथरूण, पोरं घेऊन चित्रदुर्ग मठात जातात. दरवर्षी जातात. एखाद्या वर्षी पाणी दारातूनच परत फिरतं, तेव्हा ती फसली म्हणून रडत बसत नाहीत. अंथरूण गुंडाळतात आणि घरी येतात. तुला मात्र एक खेप फुकट जाईल याची लाज वाटते. शेजारी हसतील म्हणे. 2019 ला तुझ्या आईला खिडकीतून होडीत उतरवलं तेव्हा कोण हसलं होतं? शहराला पाण्याचा वेढा आणि नळाला थेंब नाही, शिंगणापूरचे पंपच बुडालेले. तेव्हा ती माऊली टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी होती. मी तिच्या मागं उभा होतो. तू महामार्ग बंद म्हणून पुण्यात अडकला होतास. यंदा तू इथं आहेस. यंदा सबब नाही.

"सर, यंदा येईल का हो पाणी?" निघताना दारात विचारलंस. मला माहीत नाही. राजाराम बंधाऱ्यावर फूट-इंच मोजणाऱ्यालाही माहीत नाही, वाडीच्या पुजाऱ्यालाही नाही. मोजणारा मोजतो आहे, आणि पुजाऱ्यानं मूर्ती कुठं न्यायची ते ठरवून ठेवलंय. तू काय ठरवलंस?

आज सकाळी बंधाऱ्यावर 37 फूट 4 इंच आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी मी बोललोय, त्यांची मागची खोली रिकामी आहे. आईची औषधं आणि कागदांची पिशवी आज रात्रीच वर जाऊ दे. उद्या सातला मी येतो. फ्रिज जिन्यानं चढवायला चौघं लागतील. माझ्यासकट दोघं झाले. उरलेले दोन तू बघ.