यत्नाला देव मानताना

ज्ञानेश्वरांनी 1290 च्या सुमारास गीतेच्या अठराव्या अध्यायावर लिहिताना आपापले काम हीच ईश्वराची पूजा ठरवली. त्याच काळात अरणच्या सावता माळ्यांना मळ्यात विठ्ठल दिसला आणि तेरच्या गोरोबा कुंभारांनी चिखल तुडवता तुडवता नाम घेतले. राबणाऱ्या हातांना त्याने मोठी प्रतिष्ठा मिळाली. पण कोणते काम कोणाच्या वाट्याला, हे जन्मानेच ठरलेले होते. कामात जीव ओतण्याची मुभा होती, काम निवडण्याची नव्हती.

समर्थ रामदासांनी यत्नाला रोजच्या व्यवहारात आणले. दासबोधातली यत्नाची शिकवण पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, लेखनक्रियेचा, अधिक मोलाचा वाटतो. पोथी कशी लिहावी, एवढाच त्याचा विषय. अक्षर वाटोळे आणि सुटे हवे, ओळी सरळ हव्यात, काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी हवी. पहिल्या अक्षराचे वळण अखेरपर्यंत टिकावे, सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. पानाच्या भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आणि तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचवत नाही.

ही पोथी पुढे कोण, कोणत्या वयात, किती जीर्ण अवस्थेत उघडेल, याचा विचार बोरू हाती घेण्यापूर्वीच झालेला आहे. मन लावून काम करणे म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने सांगितलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात कष्टाच्या या विचाराला धार आली. लोकहितवादींनी 1848 पासून ‘प्रभाकर’मधल्या पत्रांतून आळसात आणि अज्ञानात रमलेल्या वरच्या वर्गाला धारेवर धरले. जोतीराव फुल्यांनी त्याही पुढचा प्रश्न विचारला: जो आळशी नाहीच, तो दरिद्री का? 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याचे घर, अंगावरचे कपडे, जेवण, डोक्यावरचे कर्ज असे सारे वाचकापुढे मांडले. कुटुंबच्या कुटुंब राबते आणि पीक हाती आले की सारा, सावकार आणि धर्माच्या नावाने मागणारे आपापला वाटा उचलतात. विद्या नसल्याने हिशेब कळत नाही आणि हिशेब न कळल्याने लूट थांबत नाही. फुले नुसते रागावून थांबले नाहीत. पाणी आणि माती अडवणारे बांध, चांगली जनावरे, शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण हेही त्यांनी सुचवले. माझ्या मते कष्टाच्या मराठी विचाराला खरे वळण इथे मिळाले. कष्टाचे फळ कोणाच्या घरी जाते, हे विचारल्याशिवाय कष्टाचे गुणगान करण्याची सोय त्यांनी ठेवली नाही.

मन लावून राबणे आणि कष्टाचे फळ राबणाऱ्यालाच मिळणे, हे दोन्ही धागे भाऊराव पाटलांनी एकत्र आणले. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे साताऱ्यात वसतिगृह झाले. सगळ्या जातींची मुले एका छताखाली राहिली, एका पंगतीत जेवली आणि स्वतः राबून शिकली. ‘कमवा आणि शिका’ या त्यांच्या योजनेत श्रमाचा मोबदला शिक्षणाच्या रूपाने त्याच मुलाच्या पदरात पडत होता.

फुल्यांचा प्रश्न आजही उरतोच. हंगाम सुरू झाला की बीडकडच्या जोड्या आगाऊ उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघे अंधारातच फडात उतरतात, मुले कोपीवर, म्हणजे झोपडीपाशी, नाहीतर फडाच्या बांधावर असतात. या माणसांना उद्योगाचे धडे देण्याचे धाडस कोणी करू नये. कारखान्यांनी आणि सरकारने त्यांना तोडणीचा रास्त दर द्यावा, उचलीचा हिशेब बायकोच्याही हाती लेखी द्यावा आणि हंगामभर त्यांच्या मुलांची शाळा सुटू देऊ नये.